मेंदूतला डिंक स्वादुपिंडात काय करतोय?

प्रश्नोपनिषद

मंडळी, मी जीवशास्त्राचा माणूस नाही. बारावीनंतर तो विषय सुटला तो सुटलाच. आईला मधुमेह निघाल्यावर थोडं वाचायला घेतलं आणि वाचता वाचता भलत्याच गल्लीत शिरलो.

मेंदूत एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो चेतासंधीपाशी. तिथे दोन्ही पेशींनी एकमेकींना धरून राहावं म्हणून त्यांच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, काही प्रथिनं असतात. निरोप देणारीच्या बाजूला न्यूरेक्सिन, घेणारीच्या बाजूला न्यूरोलिजिन. हस्तांदोलनच म्हणा. इथवर ठीक.

पुढे वाचलं की हीच प्रथिनं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरही असतात, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर. आता मला सांगा, बीटा पेशी इन्सुलिन सोडते रक्तात. तिच्या समोर निरोपाची वाट बघत कुणी बसलेलं नाही. मग हा डिंक तिथे कशाला?

माझं अडाणी मत असं की ही उत्क्रांतीतली अडगळ असावी. घर बदललं तरी जुन्या कुलपाच्या किल्ल्या जुडग्यात राहतात, तसं. चुकत असेन तर सांगा, पण समजेल अशा भाषेत.

आळसोबा

काही लोकांचा मेंदू पोटात असतो असा माझा संशय होताच. आता पुरावा मिळाला.

रात्रपाळी

छान धागा. अडगळ नसावी. बीटा पेशी आणि चेतापेशी यांच्यात इतकं साम्य आहे की शिकताना आम्हालाही गंमत वाटायची. दोन्ही पेशींत विद्युतभार बदलतो, दोन्हींत कॅल्शियम आत आलं की आतला माल बाहेर पडतो. सविस्तर लिहायला आत्ता वेळ नाही, कामावर आहे.

सूक्ष्मदर्शी

प्रश्नोपनिषद, काही वर्षं मी याच पेशींमागे घालवली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही. लांबेल, आधीच माफी मागतो.

आधी बीटा पेशीचं काम. रक्तातली साखर वाढली की ती पेशीत शिरते. ग्लुकोकायनेज नावाचं विकर (एंझाइम) तिला पकडतं, तिच्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. एटीपी वाढलं की पटलावरची पोटॅशियमची दारं मिटतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, त्यामुळे कॅल्शियमची दारं उघडतात. आत घुसलेलं कॅल्शियम पाहून इन्सुलिनने भरलेल्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, पटलाशी एकजीव होतात आणि माल बाहेर. एका बीटा पेशीत अशा सुमारे १०,००० पुटिका असतात, पण कुठल्याही क्षणी लगेच सुटायच्या तयारीत असतात त्या जेमतेम १ टक्का. बाकीच्या मागे रांगेत.

आता ज्या प्रथिनांमुळे पुटिका पटलाशी एकजीव होते त्यांची नावं बघा: सिंटॅक्सिन, स्नॅप-२५, सिनॅप्टोब्रेव्हिन. चेतासंधीतही हीच मंडळी. म्हणजे बीटा पेशीने मेंदूकडून नुसता डिंक घेतलेला नाही, अख्खं यंत्र तेच आहे. वेग मात्र वेगळा. चेतापेशीची पुटिका साधारण ४० नॅनोमीटरची आणि ती मिलिसेकंदात सुटते. इन्सुलिनची पुटिका ३०० नॅनोमीटरच्या आसपास. तिचा पहिला लोंढा ५ ते १० मिनिटांचा, आणि मग साखर चढलेली असेपर्यंत संथ दुसरा टप्पा चालू.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात नाही. ते स्पर्शात आहे. स्वादुपिंडात लँगरहान्सची बेटं म्हणून पेशींचे पुंजके असतात, त्यांत या पेशी दाटीवाटीने राहतात. एंझाइम घालून बेट फोडलं आणि पेशी सुट्या केल्या, तर साखर देऊनही त्या इन्सुलिन फार कमी सोडतात. पुन्हा एकमेकींना चिकटू दिल्या की बऱ्याच अंशी ताळ्यावर येतात. हे १९८२ पासून माहीत आहे. तेव्हा "समोर कुणी नाही" हे तुमचं गृहीतक तपासून बघा. समोर शेजारीण आहे.

मधुरा_नाही

>> समोर शेजारीण आहे

शेजारणीचा हात सुटला की काम बंद! हे सहकारी तत्त्वावरचं स्वादुपिंड आवडलं.

शंकासुर

सूक्ष्मदर्शी, सुट्या पेशी काम करत नाहीत याचा अर्थ लगेच "स्पर्श हवा" असा कसा? फोडताना त्यांना इजा झाली असेल. माणसाला घरातून फरफटत बाहेर काढलं आणि तो दोन दिवस कामाला आला नाही, तर त्याला शेजाऱ्यांची आठवण येते असा निष्कर्ष काढाल का?

सूक्ष्मदर्शी

शंकासुर, शंका रास्त आहे. मी स्वतः एकदा एंझाइममध्ये पेशी गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवल्या होत्या. पुढे दोन दिवस त्या रुसल्यासारख्या पडून होत्या, आणि मी "बघा, स्पर्श नाही म्हणून!" असं सांगत फिरत होतो. आमच्या गाइडबाईंनी एका वाक्यात हवा काढली.

पण इजेचा मुद्दा बाजूला ठेवणारे प्रयोग आहेत. मिन-६ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या बीटा पेशी घ्या. त्या सपाट थरात वाढवल्या तर एक वागणूक, आणि गोळा होऊन छोटी बेटं बनवू दिल्या तर दुसरी. साखरेला गोळ्यातल्या पेशी जास्त चांगला प्रतिसाद देतात. इथे कुणालाही फरफटत काढलेलं नाही.

त्याहून नेमका प्रयोग न्यूरोलिजिनचाच आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्हन चेस्लर यांच्या गटाने बीटा पेशींवर न्यूरोलिजिन-२ असल्याचं २००८ मध्ये दाखवलं. २०१२ मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली. बीटा पेशींशेजारी दुसऱ्याच जातीच्या पेशी ठेवल्या, ज्यांच्या पटलावर न्यूरोलिजिन-२ मुद्दाम बसवलं होतं. नुसत्या त्या शेजाराने बीटा पेशींचं इन्सुलिन सोडणं वाढलं. जास्त दिवस शेजार मिळाला तर पेशींची संख्या आणि आतला इन्सुलिनचा साठाही वाढला.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. तेच न्यूरोलिजिन पेशीवर न बसवता सुटं करून द्रवात सोडलं, तर इन्सुलिन *घटलं*. का? बहुधा सुटे तुकडे जाऊन जागा अडवतात, आणि खऱ्या शेजारणीचा हात धरायला जागाच उरत नाही. रेणू तोच, पण पेशीवर बसून आला तर चालना, द्रवातून आला तर अडथळा.

शंकासुर

हे मान्य. सुट्या तुकड्यांचा प्रयोग चोख आहे. निव्वळ "जास्त न्यूरोलिजिन म्हणजे जास्त इन्सुलिन" असं असतं तर द्रवातल्यानेही वाढायला हवं होतं.

(नोंद घ्या, हे वाक्य मी वर्षातून एकदाच लिहितो.)

आळसोबा

शंकासुराने मान्य केलं! धागा वरती चिकटवून ठेवा. न्यूरोलिजिन वापरा.

भाषाप्रभू

विषयात गती नाही, पण एक खटकलं. "चेतासंधी" हा शब्द वर पुल्लिंगी धरायचा की स्त्रीलिंगी? सांधा या अर्थी संधी म्हणजे *तो* संधी. *ती* संधी म्हणजे चान्स. संभ्रम नको म्हणून काही जण अनुबंध म्हणतात, पण अनुबंध म्हटलं की मला भावगीत आठवतं.

रेघोट्या

मेंदूत *तो* संधी असतो, स्वादुपिंडाला *ती* संधी मिळाली. झालं समाधान?

भाषाप्रभू

झालं. आता तुमच्या रेघोट्या मिटवत नाही.

कोळीष्टक

न्यूरेक्सिनचं नाव निघालं म्हणून लिहिते. मला कोळ्यांचं वेड आहे आणि या प्रथिनाचा शोधच कोळ्यामुळे लागला. ब्लॅक विडो कोळ्याच्या विषात अल्फा-लॅट्रोटॉक्सिन असतं. ते चेतापेशीच्या टोकाला चिकटलं की आतल्या पुटिका धडाधड रिकाम्या होतात. ते चिकटतं कशाला, याचा शोध घेताना टोमास सुडॉफ यांच्या गटाला १९९२ मध्ये न्यूरेक्सिन मिळालं. न्यूरेक्सिनला धरणारं कोण, हे शोधताना १९९५ मध्ये न्यूरोलिजिन. सुडॉफना २०१३ चं नोबेल मिळालं, पण ते पुटिकांच्या वाहतुकीवरच्या कामासाठी, रॉथमन आणि शेकमन यांच्याबरोबर.

आता गंमत बघा. हेच विष बीटा पेशींवर टाकलं तर त्याही इन्सुलिन सोडतात! कोळ्याला नक्कीच बीटा पेशी अभिप्रेत नव्हत्या. त्याने कुलूप मेंदूचं बघून किल्ली बनवली आणि ती स्वादुपिंडालाही लागली.

प्रश्नोपनिषद, तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याचं मी उलटं केलं, रागावू नका.

प्रश्नोपनिषद

रागावतो कसला, डायरीत लिहून घेतलं. अडगळीचा मुद्दा मी जवळजवळ मागे घेतोय. जवळजवळ.

सूक्ष्मदर्शी, एक अडतंय. मेंदूत न्यूरोलिजिन एका बाजूला आणि न्यूरेक्सिन दुसऱ्या बाजूला. इथे बीटा पेशी एकसारख्याच. मग एकीचं न्यूरोलिजिन दुसरीच्या न्यूरेक्सिनला धरतं, असंच ना?

सूक्ष्मदर्शी

कुणालाही असंच वाटेल, मलाही वाटलं होतं. पण २०१२ च्या त्याच कामात दिसलं की न्यूरोलिजिन-२ बीटा पेशीच्या पटलावर कुणाला तरी घट्ट धरतं, आणि तो जोडीदार न्यूरेक्सिन *दिसत नाही*. न्यूरेक्सिनवाचूनही परिणाम होतो.

न्यूरेक्सिन तिथे वेगळ्याच कामावर आहे. त्याच वर्षी त्याच गटाने दाखवलं की बीटा पेशीत मुख्यतः न्यूरेक्सिन-१ अल्फा असतं, आणि ते ग्रॅन्यूफिलिन या प्रथिनाच्या जोडीने इन्सुलिनच्या पुटिकांना पटलाशी आणून थांबवतं. नाव धक्क्याला लागते ना, तसं. आता सांगा, न्यूरेक्सिन कमी केलं तर काय होईल? धक्क्याला कमी नावा लागतील, म्हणजे इन्सुलिन कमी सुटेल, बरोबर?

चूक. धक्क्याला नावा कमी लागल्या हे खरं, पण इन्सुलिन जास्त सुटलं. न्यूरेक्सिन-१ अल्फा नसलेल्या उंदरांच्या बेटांमध्ये स्रावाचा दुसरा टप्पा स्पष्टपणे वाढलेला होता. शिवाय साखर दिल्यावर पेशी स्वतःच हे प्रथिन कमी करते.

रेघोट्या

म्हणजे न्यूरेक्सिन हा धक्क्यावरचा खुंटा! नाव बांधून ठेवायला बरा, पण निघायच्या वेळी सोडवावा लागतो.

सूक्ष्मदर्शी

रेघोट्या, माझे चार परिच्छेद वाया गेले. खुंटाच.

अनाहूत

नमस्कार, नवीन सदस्य आहे, भीत भीत विचारते. माझ्या भाच्याला स्वमग्नता आहे. मागे कुठेतरी वाचलं होतं की न्यूरोलिजिनमधल्या दोषामुळे ऑटिझम होतो. इथे म्हणताय तेच प्रथिन इन्सुलिनचंही काम करतं. मग त्याला मधुमेहाचा धोका जास्त आहे का?

रात्रपाळी

अनाहूत, स्वागत. भिऊ नका, भाच्याला यामुळे मधुमेह होईल असं मानायचं कारण नाही.

तुम्ही वाचलंत ते बहुधा २००३ चं काम. त्यात दोन कुटुंबांमध्ये न्यूरोलिजिन-३ आणि न्यूरोलिजिन-४ च्या जनुकांत दोष सापडले. ही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पण स्वमग्न मुलांपैकी फारच थोड्यांत हे कारण असतं. इथे चर्चा चाललीय न्यूरोलिजिन-२ ची, म्हणजे त्याच घरातली वेगळी भावंडं. भाच्याची साखर तपासायची ती इतर कुणाचीही ज्या कारणांनी तपासू त्याच कारणांनी. वजन, घराण्यात मधुमेह, चालू असलेली औषधं. स्वमग्नतेतल्या चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते, तेवढं मात्र त्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

अनाहूत

खूप धन्यवाद. त्याला असं एक औषध चालू आहे. विचारते.

मधुरा_नाही

माझा अनुभव लिहू का? थोडं अवांतर होईल.

मला पस्तिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. वय बघून दुसऱ्या प्रकारचा ठरवला, गोळ्या सुरू. दोन वर्षं गोळ्या वाढत गेल्या, साखर ऐकेना. "पथ्य पाळत नाही तुम्ही" हे ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं की मी झोपेत काहीतरी खात असणार. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी अँटी-जीएडी तपासणी लिहून दिली. पॉझिटिव्ह. म्हणजे माझी प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उठली होती. इन्सुलिन सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत माणसात आले.

तेव्हा जीएडी म्हणजे काय ते शोधलं होतं, तर ते मेंदूत गाबा नावाचं रसायन बनवणारं एंझाइम निघालं! आणि मी बसले विचार करत, मेंदूतलं एंझाइम माझ्या स्वादुपिंडात काय करतंय? प्रश्नोपनिषद यांनी आज विचारलेला प्रश्न मला सात वर्षांपूर्वी पडला होता, फक्त धागा काढायचं सुचलं नाही.

रात्रपाळी

मधुरा, हे अवांतर अजिबात नाही. बीटा पेशी गाबा बनवतात आणि सोडतातही. १९९० मध्ये कळलं की पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनतात त्यातलं एक जीएडी आहे. धागादोरा लागला तो स्टिफ पर्सन सिंड्रोम या मेंदू-स्नायूंच्या दुर्मीळ आजारातून. त्या रुग्णांतही हीच प्रतिपिंडं सापडतात, आणि त्यांच्यात मधुमेहही बऱ्याचदा दिसतो.

आणखी एक जोड सांगतो. मेंदूत न्यूरोलिजिन-२ असतं कुठे? गाबावाल्या, म्हणजे शांत करणाऱ्या चेतासंधींवर. बीटा पेशीतही गाबा आणि न्यूरोलिजिन-२ दोन्ही. नुसती एक किल्ली चुकून राहिली असती तर अडगळ म्हटलं असतं. इथे कुलूप, कडी, कोयंडा, सगळंच आहे.

तुमच्या आधीच्या डॉक्टरांबद्दल बोलत नाही. पण बारीक माणूस, गोळ्यांना दाद नाही, असं दिसलं की ही तपासणी डोक्यात यायला हवी.

आळसोबा

मधुरा_नाही, हे आयडी आत्ता कळलं. दंडवत.

शंकासुर

परत आलो. आता माझी मोठी तक्रार. वर जे काही आलं त्यातलं बहुतेक उंदीर, घुशी आणि प्लास्टिकच्या तबकडीतल्या पेशी. उंदराच्या बेटात बीटा पेशी मध्यभागी आणि अल्फा पेशी (साखर वाढवणारं ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या) कडेला, असं चित्र असतं. माणसाच्या बेटात दोन्ही बऱ्याच मिसळलेल्या. ज्या प्रथिनांचं कामच शेजारणीला धरण्याचं, त्यांच्या बाबतीत शेजारीण कोण हे महत्त्वाचं नाही का? उंदराची बीटा पेशी बीटाला धरते, माणसाची अल्फाला धरत असेल. मग निष्कर्ष जसाच्या तसा कसा उचलायचा?

सूक्ष्मदर्शी

या वेळी माझी मान्य करायची पाळी. रचनेतला हा फरक खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही.

पण तुम्ही म्हणता ती रचना मुळात ठरते कशी, तर त्यातही चेतापेशींचाच एक डिंक आहे, एनकॅम. १९९९ मध्ये एनकॅम नसलेल्या उंदरांची बेटं तपासली, तेव्हा अल्फा पेशी कडेला न राहता आत विखुरलेल्या सापडल्या. म्हणजे कुणी कुठे बसायचं यातही याच जातीच्या प्रथिनांचा हात. उंदीर आणि माणसात बैठकव्यवस्था वेगळी असली, तरी खुर्च्या मांडणारे ओळखीचेच असावेत असं मला वाटतं. पण हे माझं मत.

आणि एक सांगतो, शेजारणीला धरणं म्हणजे कायम प्रोत्साहनच असं नाही. इएफए आणि इफ्रिन-ए या जोडीबद्दल २००७ मध्ये आलेलं काम फार देखणं आहे. ही मंडळी मेंदूत वाढत्या चेतातंतूंना वाट दाखवतात. दोन बीटा पेशींमध्ये एकीचं इएफए दुसरीच्या इफ्रिनला धरतं आणि संदेश दोन्ही दिशांनी जातो. इएफएच्या बाजूचा संदेश इन्सुलिन रोखतो, इफ्रिनच्या बाजूचा वाढवतो. साखर कमी असताना पहिला वरचढ, साखर वाढली की तो मंदावतो आणि दुसरा पुढे येतो. एकाच हस्तांदोलनात ब्रेकही आणि ॲक्सिलरेटरही.

रेघोट्या

हे लग्नाचं वर्णन आहे.

मधुरा_नाही

रेघोट्या, घरचे वाचतात का इथे?

रेघोट्या

वाचतात. म्हणून इतकंच लिहिलं.

नळीवाला

वाचनमात्र होतो. एक शंका. शेजारच्या बीटा पेशी एका तालात काम करतात, त्या कनेक्सिन-३६ च्या नळ्यांमुळे, असं मी शिकलो होतो. दोन पेशींच्या मध्ये थेट भोक, त्यातून विद्युतभार पलीकडे. स्पर्शाचं सगळं श्रेय त्यालाच का देऊ नये?

सूक्ष्मदर्शी

आयडीला जागलात! कनेक्सिन-३६ चं काम मोठं आहेच. ते नसलेल्या उंदरांत बेटातल्या पेशींचा ताल बिघडतो. इन्सुलिन रक्तात सुटतं ते काही मिनिटांच्या ठेक्यात, आणि त्या ठेक्यासाठी सगळ्यांनी एकदम उचल खावी लागते.

पण न्यूरोलिजिनचा प्रयोग परत बघा. तिथे शेजारी ठेवलेल्या पेशी बीटा पेशी नव्हत्याच. त्यांना ना ताल, ना साखरेची जाण. फरक फक्त पटलावरच्या प्रथिनाचा, तरी परिणाम झाला. म्हणून मी म्हणतो की नळी वेगळी आणि हात धरणं वेगळं. नळीने ताल जमतो. हात धरल्याने पेशीच्या आतलं सुटकेचं यंत्र नीट बसतं.

चिरतरुण

धागा उत्तम. पण सगळं यंत्र एकच असेल तर एक भीती वाटते. सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घेतात, ते स्नॅप-२५ लाच कापतं ना? मग बोटॉक्स घेणाऱ्याला मधुमेह का होत नाही? (मित्रासाठी विचारतोय.)

कोळीष्टक

मित्राला सांगा, निर्धास्त राहा. विष पेशीच्या आत शिरायला दारात ओळखीचे रेणू लागतात आणि ते चेतापेशीच्या टोकांवर असतात. शिवाय मात्रा सूक्ष्म आणि टोचलेल्या जागीच. पण तर्क अचूक आहे! प्रयोगशाळेत बीटा पेशींच्या पटलाला छिद्रं पाडून बोट्युलिनम विष आत पोचवलं, तेव्हा स्नॅप-२५ कापलं गेलं आणि इन्सुलिनचा स्राव घटला. १९९५ च्या सुमाराचं काम. बीटा पेशीत हे यंत्र खरोखर वापरात आहे याचा तो भक्कम पुरावा ठरला.

चिरतरुण

मित्र आभारी आहे. हसला, पण कपाळावर आठी पडली नाही.

ज्ञानपिपासू_२

म्हणजे मेंदूचे व्यायाम, शब्दकोडी वगैरे केली तर बीटा पेशीही सुधारतील का? शेवटी प्रथिनं तीच.

रात्रपाळी

नाही. दोन गावांत एकाच कंपनीचे पंप असले म्हणून एका गावचा पंप चालू केल्यावर दुसऱ्या गावच्या टाकीत पाणी चढत नाही. कोडी जरूर सोडवा, साखरेसाठी चालायला जा.

प्रश्नोपनिषद

दोन दिवसांनी आलो, धागा कुठल्या कुठे गेला! कोळी, बोटॉक्स, लग्न. सगळ्यांचे आभार.

मूळ प्रश्नाकडे येतो. अडगळ नाही हे पटलं. पण मग हे झालं कसं? बीटा पेशी मुळात चेतापेशी होत्या का, की तिकडे जाऊन राहिल्या?

सूक्ष्मदर्शी

एके काळी काही जणांना तसंच वाटायचं. पण भ्रूणात बघितलं तर चेतापेशी बाहेरच्या थरातून येतात आणि स्वादुपिंड आतल्या थरातून, म्हणजे आतड्याच्या बाजूने. घराणी वेगळी. एकसारखे आहेत ते हुकूम देणारे. बीटा पेशी घडवायला न्यूरोजेनिन-३, न्यूरोडी-१, पॅक्स-६ हे जनुक-नियंत्रक लागतात आणि तेच चेतापेशी घडवायलाही कामाला येतात. न्यूरोडी-१ बिघडलं तर मधुमेहाचा एक आनुवंशिक प्रकार होतो. शिवाय रेस्ट नावाचा एक चौकीदार आहे. शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये तो चेतापेशींची जनुकं बंद करून ठेवतो. चेतापेशीत तो नसतो, आणि बीटा पेशीतही नसतो. चौकीदारच नाही म्हटल्यावर ही जनुकं तिथे उघडी राहतात.

आणि उलट बाजूने एक: फळमाशीत इन्सुलिनसारखी संप्रेरकं कुठे बनतात माहीत आहे? तिच्या मेंदूत, थेट चेतापेशींत. त्या पेशी नष्ट केल्या तर माशीची साखर वाढते आणि वाढ खुंटते. तेव्हा मेंदूतला डिंक स्वादुपिंडात काय करतोय, या शीर्षकावर माशीने धागा काढला तर ती विचारेल, यांचं इन्सुलिन पोटात काय करतंय?

आळसोबा

मी पहिल्याच प्रतिसादात बरोबर होतो, फक्त प्राणी चुकला.

शंकासुर

सूक्ष्मदर्शी, शेवटचा प्रश्न. याचा उपयोग? औषध वगैरे?

सूक्ष्मदर्शी

दुकानात मिळणारं औषध नाही. प्रयोग दोन दिशांनी चाललेत. एक म्हणजे न्यूरोलिजिन-२ चे छोटे तुकडे अतिसूक्ष्म कणांवर गर्दीने बसवायचे. वरचा सुट्या तुकड्यांचा प्रयोग आठवा. एकेकटे सोडले तर उलटा परिणाम, म्हणून घोळक्याने बसवायचे, पेशीवर असतात तसे.

दुसरी दिशा मला जास्त आशेची वाटते. मूळपेशींपासून बीटा पेशी बनवता येतात, पण त्या कच्च्या राहतात, साखरेला नीट जुमानत नाहीत. २०१९ मध्ये एका गटाने अशा कच्च्या पेशी सुट्या करून निवडल्या आणि फक्त त्यांनाच पुन्हा एकमेकींना चिकटू दिलं. त्या बऱ्याच पक्व झाल्या. यात न्यूरोलिजिनचा वाटा किती ते त्या कामाने वेगळं काढलेलं नाही, शंकासुर, तुम्ही विचारण्याआधी सांगतो.

शंकासुर

विचारणारच होतो.

मधुरा_नाही

सूक्ष्मदर्शी, एक विचारू? ही बेटं तुम्ही डोळ्यांनी बघितलीत, दिसतात कशी?

सूक्ष्मदर्शी

नुसती बघितली तर करडे ठिपके, बाकीच्या ऊतीत हरवलेले. एखाद्या मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढे. स्वादुपिंडाचा १ ते २ टक्केच भाग. मग आम्ही डायथिझोन नावाचा रंग घालायचो. तो इन्सुलिनच्या पुटिकांमधल्या जस्ताला धरतो. घातला की दोन-तीन मिनिटांत बेटं एकेक करून लालभडक होतात, बाकी सगळं फिकट राहतं. मग पिपेटने एकेक वेचायचं. शंभर वेचली की मान धरायची.

मधुरा_नाही

लाल. बरं. मी इतकी वर्षं का कोण जाणे पिवळी समजत होते.